अगत्तीला एक दिवस, मुलं आणि सासूबाई

प्रश्न: ताई, मुंबईहून क्रूझने लक्षद्वीपला चाललोय, अगत्तीला जहाज थांबणार, मुलं सात नि अकरा वर्षांची, सासूबाईही सोबत. स्नॉर्कलिंग (डोळ्या-नाकावर मास्क, तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं) जमेल का? – वाचक, घणसोली

उत्तर: जमेल हो, नक्की करा! फक्त एक लक्षात ठेवा, मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि लहान बोटीने नेतात, त्यात बराच वेळ जातो, म्हणून सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक पकडा आणि परतीची शेवटची बोट किती वाजता हे आधीच विचारून ठेवा. सासूबाईंना बोटीत चढताना हात द्यायला कोणीतरी हवंच.

मुलांचा मास्क इथूनच घ्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर धरून नाकाने श्वास आत ओढायचा, चिकटून राहिला तर माप बरोबर. जवळच्या स्विमिंग पूलमध्ये नळीतून तोंडाने श्वास घ्यायची सवय करून घ्या, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण मुलं घाबरतात ती तिथेच. लगूनचं, म्हणजे प्रवाळाच्या कड्याच्या आतलं पाणी उथळ, शांत असलं तरी लाइफ जॅकेट काढू देऊ नका. पोहताना पाठ भाजते, फुल बाह्यांचे स्विमसूट घाला.

आणि प्लीज, प्रवाळावर पाय ठेवू नका, तुकडाही उचलू नका, १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.