विणकर घरातून आलेल्याने माहितीपटात करिअर करावं का?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातून माहितीपटाकडे वळायचं म्हणताय, तर जरूर वळा. पण नुसत्या त्यावर चूल पेटत नाही. लग्नाचं शूटिंग सोबत ठेवा. दिग्दर्शिका मीरा नायर अमेरिकेत गेल्या, आधी माहितीपटच केले. पुढे १९८८च्या 'सलाम बॉम्बे' या चित्रपटातून रस्त्यावरच्या मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. तुमचा विषय तर दारातच बसलाय: मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाया. यंत्रमागाच्या खडखडाटात मुलाखत घ्याल तर आवाज वाया गेलाच म्हणून समजा, मागाच्या सुट्टीला जा. त्यांना तेलुगूतच बोलू द्या, खाली मराठी पाटी द्या. पहिला खेळ त्यांच्याच गल्लीत लावा, युनियनवाल्यांनाही बोलवा. मुंबईचा महोत्सव नंतर बघू.