दिवेलागणीची भीती

"मॅडम, दिवेलागण झाली की माझ्या पोटात गोळाच येतो."

समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेल्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) देवापुढे निरांजन, शुभंकरोति, रामरक्षा आणि शेवटी समर्थांची करुणाष्टकं, हा सासूबाईंनी घालून दिलेला नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. त्या सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. एका रात्री तिसऱ्यांदा चादर ओली झाली आणि ह्या त्यांच्यावर ओरडल्या. आठवड्याभरात सासूबाई गेल्या. या गोष्टीला सहा वर्षं झाली. "अनुदिनि अनुतापे तापलो" म्हणायला लागलं की अजून ती चादर डोळ्यांसमोर येते.

कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी दिव्यासमोर बसून दिवसभराच्या चुका लिहायला सुरुवात केली होती. वही त्यांनी माझ्या हातात दिली. पानांच्या कडांना तेलाचे डाग, आणि प्रत्येक पानावर पहिली ओळ तीच : 'आईंवर ओरडले.' त्या दिवसाच्या चुका त्याखाली.

"आत्मपरीक्षणाने मन शांत होतं म्हणतात. माझं का होत नाही? भक्तीच खोटी आहे का माझी?"

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. भक्ती खोटी असती तर बाई सहा वर्षं रोज त्या पाटावर बसल्या नसत्या. झोप आणि भूक कमी झाली होती, म्हणून त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, ते उपचार चालू राहिले. पण वहीचं काय करायचं, ते आम्हा दोघींनाच बघायचं होतं.

मला माझे वडील आठवले. संध्या करताना ते तळहातावर पाणी घेऊन 'अग्निश्च मा मन्युश्च' म्हणायचे. त्या मंत्रात रागाच्या भरात झालेल्या पापांपासून रक्षण मागितलं आहे. मन्यू म्हणजे राग. आणि पुढे म्हटलंय, दिवसभरात मनाने, वाणीने, हातापायांनी जे पाप केलं ते हा दिवसच पुसून टाको. उरलंसुरलं मी सत्याच्या ज्योतीत अर्पण करतो. संध्याकाळी दिवसाचं सांगायचं, सकाळच्या मंत्रात रात्रीचं. सहा वर्षांपूर्वीचं रोज नव्याने उगाळा, असं त्यात कुठेच नाही. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या.

मग मी विचारलं, "ओरडलात, त्यानंतर काय झालं?"

"म्हणजे?"

"त्याच रात्री. चादर बदलल्यावर."

त्यांना जरा वेळ लागला. "पाय चेपून दिले. चुकलं म्हणाले. आईंनी डोक्यावर हात ठेवला... बोलता येत नव्हतं त्यांना."

"हे वहीत कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. घरच्या किराणा दुकानाचा हिशेब वर्षानुवर्षं ह्याच बाई लिहितात. उधारी चुकती झाली की गिऱ्हाइकाच्या नावावर काट मारायची, हे त्यांना मी काय शिकवणार! त्या रडल्या, आणि मी त्यांना रडू दिलं.

पुढे आम्ही एवढंच ठरवलं : वहीत फक्त आजचं, तेही एकच. शेजारी, त्याचं उद्या काय करणार ते. मग वही बंद करून करुणाष्टकं म्हणायची, आणि 'अचपळ मन माझे नावरे आवरीता' या ओळीशी थोडं थांबायचं. मन आवरत नाही हे खुद्द समर्थांनी रामाला सांगितलंय, ते आपणही सांगावं. सासूबाईंचा विषय निघाला तर तो माझ्याकडच्या तासाला.

सोपं गेलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात जुनी ओळ परत आली होती. दोन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा ताज्या पानावर होतं : 'सुनेला भाजीवरून बोलले. उद्या तिच्या आवडीचं भरीत.' भरीत झालं होतं, त्या ओळीवर काट होती.

"गोळा येतो का अजून?" मी विचारलं.

"येतो. पण वात पेटेपर्यंतच."