पहिल्याच आठवड्यात वाटलं, मला चित्र येतच नाही

दरवर्षी कॉलेजं सुरू झाली की सांगलीतल्या माझ्या समुपदेशन केंद्रात हीच काळजी घेऊन मुलं येतात. कधी जतचं मूल असतं, कधी इस्लामपूरचं. ‘मॅडम, शाळेत माझी चित्रकला सगळ्यांत भारी होती. इथं आल्यावर कळलं, मला काहीच येत नाही.’ त्यांतल्या एकाची हकिकत त्याच्या संमतीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

मुलगा तासगावकडचा, घरची द्राक्षबाग. एलिमेंटरी, इंटरमिजिएट ह्या शाळेतल्या चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षांत ए ग्रेड. चित्रकलेच्या कॉलेजात फाउंडेशनला, म्हणजे पायाभूत अभ्यासक्रमाला, प्रवेश मिळाला आणि पहिल्याच दिवशी वस्तुचित्र आलं. बादली, वीट आणि खाली चुण्या पडलेलं कापड. शेजारची मुलगी हात लांब करून पेन्सिलीनं मापं घेत होती, ह्याला ते माहीतही नव्हतं. सरांनी त्याच्या कागदावर गडद रेघ ओढून चूक दाखवली. गुरुवारी तो वर्गात गेलाच नाही, दिवसभर एसटी स्टँडवर बसून राहिला.

‘मला चुकून ए ग्रेड मिळाली असणार,’ तो म्हणाला.

‘ते ठरवू नंतर. सरांनी त्या रेघेनं काय दाखवलं?’

‘बादलीचा काठ मी बरोबर काढलेला. बूड मात्र सरळ रेघेत टेकवलं होतं. आपण वरनं बघतोय म्हटल्यावर बूडपण गोल दिसणार, काठापेक्षा जास्तच.’

‘हे परीक्षेच्या वेळी माहीत होतं?’

‘नाही. तेव्हा नमुने बघून बघून हात बसवलेला.’

‘आणि आता?’

बराच वेळ तो बोलला नाही. मीही घाई केली नाही. मग म्हणाला, ‘आता खोलीवरचं पातेलं, मेसमधला तांब्या, सगळ्याची बुडंच दिसायला लागलीत. दहावीतली चित्रं काढून बघितली. सगळी चुकलेली.’

त्यानं हे तक्रार म्हणून सांगितलं. मला त्यात त्याची प्रगती ऐकू आली. ‘आठवड्यापूर्वी जे दिसत नव्हतं ते आज दिसतंय. मग तुझी चित्रकला कमी कशी झाली?’

त्यानं मान वर केली. ‘म्हणजे नजर पुढं गेली आणि हात मागं राहिला?’

हे वाक्य त्याचं स्वतःचं. मी सांगितलं असतं तर ते उपदेशासारखं वाहून गेलं असतं. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात जी लाज वाटते, ती बहुतेक वेळा ह्याच अंतराची असते, असं मला इतक्या वर्षांत पक्कं दिसलं आहे. नजर वाढलीच नसती, तर ती लाज वाटलीही नसती. हात सरावानं येतो.

मी विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करते, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार तपासून बदलायला मदत करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास ती मांडली. चांगलं चित्र यावं ही इच्छा निरोगी आहे. पहिल्या दिवसापासून माझंच सगळ्यांत चांगलं यावं आणि नाही आलं तर मी कुचकामी, हा हट्ट मात्र माणसाला वर्गातून उठवतो. तो हट्ट त्यानं स्वतः ओळखला. शेजारच्या मुलीला ‘तू कुठं शिकलीस?’ असं विचारून ये, एवढंच मी त्याला सांगितलं होतं. तिनं आधी दोन वर्षं क्लास लावला होता. पेन्सिलीनं माप घ्यायला तिनंच त्याला शिकवलं.

वडिलांशी वेगळं बोलले. ‘फी भरलीया मॅडम, आणि हा नको म्हणतोय.’ मी विचारलं, ‘दादा, एप्रिल छाटणीनंतर बागेत घड दिसतात का?’ ते हसले. ‘तवा काडी तयार होत असती, घड मागनं येत्यात.’ पुढं त्यांना फार समजवावं लागलं नाही.

पालकांना माझी एकच विनंती असते. ‘वर्गात कितवा आहेस?’ असं विचारू नका, ‘आज काय काढलंस?’ असं विचारा. आणि मुलांनो, पहिल्या महिन्यातला एकही कागद फाडू नका, मागं तारीख घालून ठेवा. दिवाळीच्या आसपास ते एका ओळीत मांडून बघा. तोवर सोडायचं की राहायचं हा निर्णय घेऊ नका. रात्री मोबाइलवर दुसऱ्यांची पूर्ण झालेली कामं बघत बसण्यापेक्षा एखाद्या रविवारी औंधचं श्री भवानी चित्रसंग्रहालय गाठा. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं हे संग्रहालय 1938 पासून आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात आहे. तिथं खऱ्या चित्रासमोर उभं राहून रंगाचा थर कसा दिलाय ते बघता येतं.

हा मुलगा आता दुसऱ्या वर्षाला आहे. प्रत्येकाचं एवढ्यावर भागत नाही. दोन आठवडे झोप, जेवण बिघडलेलंच असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं मूल बोलू लागलं, तर कॉलेजचा विषय बाजूला ठेवा आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.