उन्हाळ्यात पेट्रोल इनबोर्ड इंजिन बंद केल्यावर पुन्हा चालू होत नाही, व्हेपर लॉक कसा टाळावा?

आपण विचारले आहे की, नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या पाण्यावर आपल्या जुन्या कार्ब्युरेटरच्या इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत बसवलेल्या) बोटीचे इंजिन सकाळी पहिल्याच सेल्फला चालू होते, पण मे महिन्याच्या दुपारी पंधरा-वीस मिनिटे बंद ठेवले की कितीही सेल्फ मारला तरी उचलत नाही आणि ऊन उतरल्यावर मात्र काहीही न करता चालू होते; हा व्हेपर लॉक, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ धरून पुरवठा अडणे, असेल तर तो टाळण्यासाठी काय करावे? मी गॅरेजमध्ये इंजिनांचेच काम करतो. लक्षणे व्हेपर लॉकचीच दिसतात, मात्र सगळा दोष उन्हाला देण्यापूर्वी टाकीपासून पंपापर्यंतची बाजू तपासावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हाळा सगळ्याच बोटींना सारखा असतो. अडतात त्या बहुधा पेट्रोल ओढून घ्यायला पंपाला आधीपासून कष्ट पडत असलेल्या बोटी.

पेट्रोल हे अनेक घटकांचे मिश्रण आहे आणि त्यातील हलके घटक साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात. दाब कमी झाला की हा उत्कलनबिंदू आणखी खाली येतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे हवेचा दाब मुळातच सुमारे ७ टक्के कमी असतो. त्यात पंप पेट्रोल ओढत असताना नळीतला दाब अजून घटतो. इंजिन चालू असताना थंड पेट्रोल सतत वाहत असते आणि इंजिन थंड करणारे पाणीही फिरत असते, त्यामुळे सहसा निभावते. खरी अडचण बंद केल्यावर सुरू होते: पाणी थांबते, ब्लॉकच्या लोखंडात साठलेली उष्णता इंजिनाच्या झाकणाखालच्या बंद जागेत पसरते आणि ब्लॉकला बसवलेला पंप, नळी व कार्ब्युरेटर पुढची पंधरा-वीस मिनिटे तापतच जातात. नळीत वाफ धरली की पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) ती वाफ नुसती दाबतो आणि सोडतो. फूटव्हॉल्व्ह सुटलेल्या विहिरीवरच्या पंपासारखी गत होते, सगळे फिरते पण वर काही येत नाही.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळत असले, तरी पेट्रोलमध्ये मिसळल्यावर ते हलक्या घटकांबरोबर मिळून एकूण मिश्रणाचा बाष्पदाब वाढवते. पण जुन्या बोटीत त्याहून मोठा उपद्रव वेगळाच असतो: इथेनॉलसाठी न बनवलेल्या जुन्या रबरी नळीचा आतला थर त्याने फुगतो, सुटतो आणि ओढ बसली की आतल्या आत मिटतो. नळी बाहेरून अगदी धडधाकट दिसते, म्हणून तिच्यावर कोणाचा संशय जात नाही.

प्रथम निदान पक्के करावे. इंजिन अडले की झाकण उघडून किमान ४ मिनिटे ब्लोअर (इंजिनाच्या जागेतली वाफ बाहेर फेकणारा पंखा) चालवावा, आसपास विडी-सिगारेट किंवा ठिणगी नसल्याची खात्री करावी, मग इग्निशन बंद ठेवून फ्लेम अरेस्टर (कार्ब्युरेटरच्या तोंडावरची ज्वाळा अडवणारी जाळी) काढावा आणि थ्रॉटल हाताने ढकलून कार्ब्युरेटरच्या घशात पाहावे. पेट्रोलची धार पडली नाही, घसा कोरडा दिसला, तर पेट्रोल पोहोचत नाही हे निश्चित. याउलट घसा ओला असेल आणि उग्र वास येत असेल, तर कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून खाली सांडले आहे आणि इंजिन ओव्हर झाले आहे, म्हणजे त्यात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेले आहे. तेव्हा फ्लेम अरेस्टर परत बसवून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारल्यास ते बहुधा चालू होते. धारही पडते आणि वासही नाही, असे असेल तर इग्निशन कॉइल पाहावी, कारण गरम झाल्यावर दगा देणारी आणि थंड झाल्यावर सरळ होणारी कॉइल हुबेहूब याच लक्षणांनी फसवते.

घसा कोरडाच निघाला तर टाकीपासून सुरुवात करावी. टाकीच्या व्हेंटची (हवा आत-बाहेर जाण्याच्या भोकाची) जाळी आधी पाहावी. बोट काही आठवडे उभी असेल तर कुंभारीण माशी त्या भोकात मातीचे घर बांधते, टाकीत हवा शिरत नाही आणि पंपाला पोकळीविरुद्ध ओढावे लागते. टाकीचे झाकण सैल करून बोट चालवल्यावर तक्रार गेली, तर उत्तर तेथेच मिळाले. त्यानंतर टाकीवरचा अँटी-सायफन व्हॉल्व्ह (नळी फुटल्यास टाकीतले पेट्रोल आपोआप वाहू न देणारा), पाणी वेगळे करणारा फिल्टर आणि सगळी नळी क्रमाने पाहावी. पंपाच्या ओढीच्या बाजूला व्हॅक्यूम गेज लावून इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चालवल्यास पाऱ्याच्या २ इंचांपेक्षा जास्त ओढ दिसू नये. गेज नसेल तर वेगळी लहान टाकी आणि नवी नळी तात्पुरती थेट पंपाला जोडून एक दुपार बोट वापरून पाहावी. तेवढ्याने अडचण नाहीशी झाली, तर उष्णतारोधक गुंडाळ्यांवर पैसे घालवण्याची गरज उरत नाही. नळी बदलताना बोटीसाठी बनवलेली व इथेनॉल सोसणारीच घ्यावी, ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (धूर बाहेर नेणाऱ्या तापत्या भागापासून) दूर न्यावी आणि मध्ये उंच वळसा ठेवू नये, कारण वाफ नेमकी तेथे जमते.

ही बाजू स्वच्छ निघाल्यावर मग उष्णतेकडे वळावे. थंड करणाऱ्या पाण्याचा गाळणा पाणवेलींच्या मुळ्यांनी आणि प्लॅस्टिकच्या तुकड्यांनी भरतो, त्यामुळे उन्हाळ्यात तो दर फेरीआधी पाहावा. पाण्याच्या पंपातील रबरी इम्पेलर दर हंगामाला बदलावा आणि थर्मोस्टॅट अर्धवट अडकला नाही ना, हे तपासावे. चालवण्याच्या सवयीतही थोडा बदल हवा. धक्क्याकडे येताना शेवटची पाच-सात मिनिटे वेग उतरवून यावे, जोरात येऊन लगेच चावी फिरवू नये. बंद केल्यावर झाकण उघडून दहा-पंधरा मिनिटे ब्लोअर चालू ठेवावा, म्हणजे साठलेली धग बाहेर पडते. टाकी सकाळी लवकर भरावी. भरलेली टाकी उशिरा तापते, मात्र पेट्रोल प्रसरण पावण्यासाठी वर थोडी जागा सोडावीच लागते.

एवढे करूनही त्रास राहिला, तर कार्ब्युरेटरखाली उष्णता न वाहणारा जाड फिनॉलिक स्पेसर घालावा, किंवा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणून इंजिनाजवळ, पण ब्लॉकपासून सुटा, असा विजेवर चालणारा पंप बसवावा. तो ब्लॉकच्या धगीने तापत नाही, पुढच्या नळीत दाब राहतो आणि वाफ धरण्याची संधीच कमी होते. येथे काटकसर करून मोटारीचा पंप लावू नये. ठिणगी बाहेर न पडणारा, बोटीसाठीच बनवलेला पंप घ्यावा आणि त्याची तार ऑइल प्रेशर स्विचमधून न्यावी, म्हणजे इंजिन थांबले की पंपही थांबेल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळात बसून राहते आणि बंद झाकणाखाली एक ठिणगी पुरते. जुना पंप कायम ठेवणार असाल, तर त्याच्यापासून कार्ब्युरेटरकडे जाणारी, एरवी कोरडी असणारी पारदर्शक नळी अधूनमधून पाहावी. तिच्यात पेट्रोल दिसले तर आतला डायफ्राम फाटला आहे आणि पंप लगेच बदलायला हवा.

पाण्यामध्येच अडकलात तर कसारा घाटात जुन्या फियाट आणि अँबॅसिडरच्या एसी पंपावर (इंजिनावरच्या यांत्रिक पेट्रोल पंपावर) चालक करत तोच उपाय आजही चालतो: ब्लोअर लावून झाकण उघडावे, पंपावर आणि त्याच्या नळीवर ओले फडके ठेवावे, डिस्ट्रिब्युटरवर पाणी जाऊ देऊ नये, आणि दहा मिनिटे थांबावे. सारखा सेल्फ मारल्याने फक्त बॅटरी उतरते. या गडबडीत तळाशी पेट्रोल सांडलेच, तर बिल्ज पंप (तळात साचलेले पाणी बाहेर फेकणारा पंप) चालवू नये. नाशिक शहराचे पिण्याचे पाणी याच धरणातून जाते. सांडलेले पेट्रोल फडक्याने टिपून डब्यात घालून किनाऱ्यावर आणावे.

आपले इंजिन डिझेलचे असते, तर व्हेपर लॉकचा प्रश्न जवळजवळ आलाच नसता. तेथे इंजिन एअर घेते, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरते, आणि त्यासाठी फिल्टरच्या जोडावरची गळती शोधून हवा काढावी लागते. इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात नळीत दाब जास्त असल्याने हा त्रास कमी होतो, पण होत नाही असे नाही. आपण फ्लेम अरेस्टर काढून घसा पाहिला आणि व्हेंट तपासला की काय दिसले ते येथे कळवावे, त्यावरून पुढचे सांगता येईल.