‘रूट आहे ना?’ एवढं विचारून भागत नाही

लिनक्सच्या कर्नलमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, अधिकार तपासणीबद्दल येणाऱ्या प्रश्नांचे शब्द बदलतात, गोंधळ तोच असतो. तपासणी आहे की नाही एवढंच पाहिलं जातं. ती कोणाची होते, कोणत्या अधिकाराची, कोणत्या नेमस्पेसमध्ये (सिस्टिमच्या कोणत्या वेगळ्या कप्प्यात) आणि कोणत्या क्षणी, हे विचारायचं राहूनच जातं. म्हणून लिनक्सबद्दलच्या काही प्रश्नांना इथे एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : ड्रायव्हरमध्ये यूआयडी (यूझरचा क्रमांक) शून्य, म्हणजे रूटचा, आहे का, एवढं तपासलं तर चालेल?

नाही. २.२ कर्नलपासून, म्हणजे १९९९ पासून, रूटची, म्हणजे सर्वाधिकारी यूझरची, सत्ता केपेबिलिटी नावाच्या सुट्या सुट्या अधिकारांमध्ये वाटलेली आहे. आज त्या ४१ आहेत. अधिकार काढून घेतलेला रूट तुमच्या तपासणीतून आत शिरेल आणि नेमका लागतो तेवढाच अधिकार दिलेली साधी प्रोसेस बाहेर राहील. केपेबिलिटी तपासणारं केपेबल() फंक्शन वापरा, आणि कोणती केपेबिलिटी मागायची ते कर्नलचा तो भाग (सबसिस्टिम) सांभाळणाऱ्या मेंटेनरला विचारून ठरवा.

प्रश्न : हा आयओसीटीएल (डिव्हाइसला हुकूम देण्याचा कॉल) फक्त आमचंच टूल वापरतं. तपासणी टूलमध्ये ठेवली तर?

नको. डिव्हाइस फाइल ज्याला उघडता येते तो तुमच्या टूलशिवायही आयओसीटीएल करू शकतो.

प्रश्न : नकार देताना एरर कोड कोणता, ईपर्म की ईॲक्सेस?

केपेबिलिटी नसेल तर ईपर्म. फाइलच्या परवानग्या आड आल्या तर ईॲक्सेस.

प्रश्न : प्रोकमधल्या (कर्नल जिथे आपली माहिती आणि सेटिंग फाइलींसारखी दाखवतो तिथल्या) आमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कोणालाही लिहिता येतं, पण राइटच्या फंक्शनमध्ये केपेबल(कॅप_नेट_ॲडमिन), म्हणजे नेटवर्कच्या अधिकाराची तपासणी, आहे. तरी रिव्ह्यूमध्ये पॅच अडवला. का?

अडवणाऱ्याचे आभार माना. मला सगळ्यात जास्त धास्ती याच चुकीची वाटते, कारण कोड वाचताना ती दिसत नाही. तपासणी तर समोर लिहिलेली असते!

राइटच्या वेळी केपेबल() पाहतं ते आत्ता चालू असलेल्या प्रोसेसचे अधिकार. फाइल उघडली कोणी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आता साधा यूझर काय करेल ते पाहा. तो तुमची फाइल उघडतो. उघडताना कोणी हटकत नाही. मिळालेला डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) तो डुप२ या कॉलने २ क्रमांकावर, म्हणजे प्रोग्रॅम चुकांचे संदेश लिहितात त्या स्टँडर्ड एररवर बसवतो. मग एसयू हा यूझर बदलण्याचा प्रोग्रॅम चालवतो आणि त्याला अस्तित्वात नसलेलं यूझरनेम देतो. एसयू सेटयूआयडी, म्हणजे कोणीही चालवला तरी मालकाच्या अधिकाराने चालणारा, असल्याने रूट म्हणून धावतो. असा यूझर नाही, हे तो २ क्रमांकावर लिहितो आणि त्यात दिलेलं नावही छापतो. तुमचं केपेबल() बघतं, लिहिणारा रूट आहे, आणि वाट मोकळी करतं. बंदूक त्या यूझरची, खांदा फक्त एसयूचा.

‘नावाच्या आधी एसयूचे शब्द येतात, आमचा पार्सर ते नाकारेल’ हा बचाव सांगू नका. पार्सर उद्या बदलेल, आणि सेटयूआयडी प्रोग्रॅम एकटा एसयू नाही. २०१२ मध्ये प्रोकमधल्या ‘मेम’ (प्रोसेसची मेमरी दाखवणाऱ्या) फाइलच्या दोषातून (जाहीर दोषांच्या यादीतला क्रमांक सीव्हीई-२०१२-००५६) एसयूकडून त्याच्याच मेमरीत लिहवून घेऊन रूट मिळवता येत होतं. ती तपासणी तेव्हा उघडण्याच्या क्षणी नेली. पुढच्याच वर्षी नेमस्पेसमधले यूझर क्रमांक बाहेरच्यांशी जोडणाऱ्या ‘यूआयडी_मॅप’ फाइलमध्ये (सीव्हीई-२०१३-१९५९) पुन्हा हाच प्रकार निघाला. तिथे लिहिणाऱ्याबरोबर उघडणाऱ्याचेही अधिकार फाइल_एनएस_केपेबल() ने तपासायला सुरुवात झाली. तुम्हाला हेच दोन मार्ग आहेत. त्याआधी एक सांगा, सगळ्यांना लिहिण्याची मुभा मुळात ठेवलीच कशाला? मार्ग कोणता घ्यायचा, ते त्या रिव्ह्यूअरशीच बोलून ठरवा.

प्रश्न : कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवण्याच्या कप्प्यात) आमची सोय चालत नव्हती. कोणीतरी सांगितलं, केपेबल() च्या जागी एनएस_केपेबल() टाका. टाकलं आणि चालली. आता ठीक ना?

‘कोणीतरी सांगितलं’ हे अधिकार उघडे टाकण्याचं कारण होऊ शकत नाही. केपेबल() मूळ नेमस्पेसमधला अधिकार मागतं. एनएस_केपेबल() तुम्ही सांगाल त्या नेमस्पेसमधला. जिथे साध्या यूझरला यूझर नेमस्पेस बनवता येते तिथे तो आपल्या नेमस्पेसचा रूट असतो. म्हणजे तुमचा तो कोड आता जवळजवळ प्रत्येकासाठी खुला झाला. २०२२ चा सीव्हीई-२०२२-०१८५ आठवा. फाइलसिस्टिमचे पर्याय वाचणाऱ्या कोडमधली चूक ५.१ कर्नलपासून तिथे होती, आणि स्वतःच्या नेमस्पेसमधल्या कॅप_सिस_ॲडमिन या केपेबिलिटीवर तिथवर पोचता येत होतं. बदल मागे घ्या. तो कोड परक्या इनपुटसमोर टिकतो का, हे मेंटेनरने पाहिल्याशिवाय पुन्हा टाकू नका.

प्रश्न : देखरेखीचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी म्हणते, कंटेनर ‘प्रिव्हिलेज्ड’, म्हणजे सगळे अधिकार दिलेला, ठेवावाच लागेल.

ही त्यांची सोय आहे, तुमची गरज नाही. कोणत्या केपेबिलिटी लागतात त्याची यादी लेखी मागा आणि प्रत्येकीचं कारण विचारा. यादीत नुसतं कॅप_सिस_ॲडमिन आलं तर ते उत्तर मानू नका; त्यात इतकं काही कोंबलंय की ते जवळपास रूटच झालंय. ५.८ कर्नलपासून परफॉर्मन्स मोजण्यासाठी कॅप_परफमॉन आणि बीपीएफसाठी (कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयीसाठी) कॅप_बीपीएफ वेगळे आहेत. ते का पुरत नाहीत, हे विक्रेत्याने सांगायचं. करारावर सही करण्याआधी ती यादी तुमच्या सुरक्षा टीमसमोर ठेवा.

प्रश्न : कर्नलचा सुरक्षा अपडेट आलाय, पण रीबूट तिमाही संपल्यावर करायचं ठरलंय. तोवर काय करावं?

रीबूटची तारीख अलीकडे आणा. अपडेट बाहेर आला की चूक कुठे होती हे पॅच वाचणाऱ्या प्रत्येकाला कळतं, आणि पॅच वाचणारे सगळेच सज्जन नसतात. चूक यूझर नेमस्पेसमधून गाठता येणारी असेल तर तोवर ‘यूझर.मॅक्स_यूझर_नेमस्पेसेस’ हे सेटिंग शून्य करून नव्या यूझर नेमस्पेस बंद करता येतात. पण त्याने रूटशिवाय चालणारे कंटेनर बंद पडतील आणि काही ब्राउझरचा सँडबॉक्सही (वेबपानांचा कोड वेगळा कोंडून ठेवणारी सोय) अडखळेल. तुमच्या डिस्ट्रिब्यूशनच्या सुरक्षा टीमची सूचना आधी वाचा, शंका असेल तर त्यांना आजच विचारा.