सगळे फिंच एका पिंजऱ्यात राहतील का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार दादा. आमच्या बाल्कांवात (घरापुढच्या पडवीत) तीन फुटी पिंजरा आहे, त्यात दाणे खाणारे छोटे फिंच पक्षी, झेब्रा फिंचच्या दोन जोड्या आणि बेंगलीज फिंचची एक जोडी. आधी सगळं बरं चाललेलं, पण घरट्यासाठी दोन मडकी बांधली तेव्हापासून एक झेब्रा नर बाकीच्यांना दाण्याजवळ येऊच देत नाही आणि बेंगलीजच्या मादीची मानेमागची पिसं गेलीत. मिस्टर म्हणतात आता गोल्डियन फिंचची एक जोडी आणूया, पिंजरा छान रंगीत दिसेल. सगळे फिंचच ना, सगळे राळेच खातात, मग भांडतात कशाला? – एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, गोल्डियन राहू देत, आधी त्या मडक्यांचं बघा. अंडी किंवा पिल्लं नसतील तर दोन्ही मडकी आजच काढा, आणि असतील तर बेंगलीजची जोडी आजच दुसऱ्या पिंजऱ्यात हलवा, उद्यावर टाकू नका. भांडण दाण्यावरून दिसतंय पण त्याचं मूळ मडक्यात आहे. झेब्रा नर एरवी दिवसभर टँ टँ करत उड्या मारणारा साधा पक्षी, पण एकदा का जागा मिळाली की मडक्याच्या आजूबाजूचा फूटभर भाग तो आपला समजतो, आणि तीन फुटी पिंजऱ्यात फूटभर म्हणजे जवळपास सगळंच आलं की हो. त्यात तीन जोड्या आणि मडकी दोन, म्हणजे मारामारी होणारच.

मानेमागची पिसं गेली त्याचं कारण पण हेच असणार. झेब्राला घरट्यात आतून मऊ अस्तर लागतं, आणि बाहेर काही मिळालं नाही की तो शेजाऱ्याच्या अंगावरची पिसं उपटून नेतो. सकाळी दाणे घातल्यावर पंधरा मिनिटं थोडं लांब बसून बघा. बेंगलीज दांडीवर गप्प बसलेला असतो, झेब्रा मागून येतो, एक पीस चोचीत धरून झटका देतो आणि थेट मडक्यात, आणि बेंगलीज बिचारा उलटून मारत पण नाही, नुसता सरकून बसतो. म्हणून तर हे लवकर लक्षात येत नाही, आरडाओरडा झेब्राचाच ऐकू येतो आणि हाल दुसऱ्याचे चाललेले असतात. एखादा पक्षी दिवसाढवळ्या अंग फुगवून खाली कोपऱ्यात बसत असेल, बाकीचे दुपारी झोपल्यावरच दाण्याकडे येत असेल, तर त्याला त्याच दिवशी वेगळं काढा. दहा-बारा ग्रॅमचा जीव तो, एक दिवस नीट खाल्लं नाही तरी हातचा जातो.

आणि तुम्ही मादी म्हणताय ती मादीच आहे का हे पण एकदा बघून घ्या. झेब्रात सोपं आहे, नराचे गाल नारिंगी, छातीवर काळे पट्टे. बेंगलीजमध्ये नर-मादी दिसायला सेम टू सेम, गातो तो नर एवढीच खूण, मान ताठ करून अंग फुगवून हळू आवाजात गातो. दुकानातून ‘जोडी’ म्हणून आणलेले दोघे नर निघणं ही रोजची गोष्ट आहे.

आता सगळे फिंचच ना या प्रश्नाबद्दल. दाणे सारखे खातात, स्वभाव सारखा नाही. झेब्रा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला, तिकडे पाऊस कधी पडेल याचा भरवसा नाही म्हणून पाऊस पडला की लगेच घरटं करायचं हे त्याच्या अंगातच आहे, आणि पिंजऱ्यात पाणी-दाणे बारा महिने मिळतात तर तो बारा महिने अंडी घालत राहतो, अंड्यांवर परत काथ्या घालून परत अंडी, मादी पार झिजून जाते. बेंगलीज जंगलात कुठेच नाही, पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून चीन-जपानकडे माणसांनी कित्येक पिढ्या पाळून तयार केलेला पक्षी तो, मूळची ती मुनिया आपल्या गोव्यात पण दिसते. त्याला सोबत हवीच, सहा जण एका मडक्यात एकमेकांवर बसून झोपतील, पण त्यामुळेच दुसऱ्याच्या अंड्यांवर पण जाऊन बसतो आणि झेब्राला ते अजिबात खपत नाही.

गोल्डियन दिसायला देखणा यात वादच नाही. इंग्रज पक्षीअभ्यासक जॉन गोल्ड यांनी १८४४ साली आपल्या दिवंगत पत्नी एलिझाबेथ यांच्या आठवणीसाठी त्याला ते नाव दिलं. पण हा पक्षी शांत, अंतर ठेवून बसणारा, धक्काबुक्की झाली की दाणे सोडून बाजूला होतो. झेब्राबरोबर तीन फुटात त्याला ठेवणं मला पटत नाही, मिस्टरांना स्पष्ट सांगा. गोल्डियन आणि बेंगलीज हे मात्र चांगलं जमतं. गोल्डियन आणायचेच तर बेंगलीजबरोबर, वेगळ्या पिंजऱ्यात, आणि आणल्यावर महिनाभर दुसऱ्या खोलीत ठेवून मगच एकत्र करा. या पक्ष्यांना श्वासाच्या नळीत बारीक किडे होतात, चोच उघडी ठेवून श्वास घेणं, रात्री टिक टिक असा आवाज येणं ही खूण. ती दिसली तर पक्ष्यांच्या डॉक्टरकडेच न्या, दुकानदाराने दिलेले थेंब घालू नका.

एकत्र ठेवायचा हट्टच असेल तर पिंजरा लांबीला पाच-सहा फूट घ्या, उंची कमी चालेल कारण फिंच आडवा उडतो. दाणे आणि पाणी दोन्ही टोकांना वेगवेगळं ठेवा आणि मडकं एकही बांधू नका. पिल्लं हवी असतील तर त्या जोडीला वेगळा पिंजरा द्या, तिथे काथ्या बोटभर लांबीचा कापून द्या, लांब दोरा पायात अडकून पाय जातो. झेब्राची अंडी साधारण १२ ते १४ दिवसांत फुटतात, तोवर सारखं डोकावू नका.

प्रश्न : आमच्या शेताकडे एक माणूस लाल मुनिया विकतो, जोडी स्वस्तात देतो म्हणतो. माझ्याकडे झेब्रा आहेत, त्यांच्यात सोडली तर राहील का? – कॉलेज विद्यार्थी, डिचोली

उत्तर : नको रे बाबा. लाल मुनिया आपला रानपक्षी आहे, तो पकडणं, विकणं, विकत घेणं, पाळणं हे सगळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९१ पासून पूर्ण बंदी आहे. ठिपक्यांची मुनिया, पांढऱ्या पाठीची मुनिया, सगळ्यांना हेच लागू. जाळ्यात पकडलेले हे पक्षी एका टोपलीत कोंबून आणतात, कित्येक वाटेतच मरतात, कधी कधी साध्या मुनियांना हिरवा-पिवळा रंग फासून ‘फॉरेन’ म्हणून विकतात. तुला बघायचीच असेल तर भात पिकायला आलं की करमळीच्या तळ्याकडच्या शेतात सकाळी जा, थवे उतरतात कणसांवर, फुकटात बघ. आणि त्या माणसाबद्दल वनखात्याला कळव. उलट बाजूने पण सांगून ठेवतो, पाळलेले झेब्रा कंटाळा आला म्हणून बाहेर सोडू नकोस, उपाशी मरतील नाहीतर मांजराच्या तोंडी जातील.

प्रश्न : जावा स्पॅरो झेब्रांबरोबर चालेल का? आणि पावसात पिंजरा कुठे ठेवायचा? – म्हापसा

उत्तर : जावा नको. जवळजवळ दुप्पट वजनाचा पक्षी, चोच जाड, चिडला तर झेब्राचा पाय मोडू शकतो. शिवाय तो परदेशी संरक्षित जातींच्या यादीत येतो म्हणून त्याची केंद्रीय पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर सरकारी नोंदणी लागते.

पावसाचं विचारलंत ते बरं केलंत, आपल्याकडे फिंच थंडीत मरत नाहीत तेवढे जून ते सप्टेंबरमध्ये मरतात असं मला वाटतं. बाल्कांवात झड येते, पिंजरा आत भिंतीला लावून ठेवा, पण स्वयंपाकघरात नको, नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत जातात. राळे महिन्याचे एकदम भरू नका, आठवड्यापुरतेच आणा, कुबट वास आला की टाकून द्या, बुरशीचे दाणे धुवून वाळवून पण चालत नाहीत. ट्रेमधला कागद रोज बदला. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, तांबड्या मुंग्या रात्रीत पिल्लं खातात. पक्ष्यांना कॅल्शियमसाठी देतात ते कटल बोन दुकानातून महाग आणायची गरज नाही, तेच समुद्रफेन म्हणून किनाऱ्यावर वाहून येतंच, फक्त ते गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस, पाणी बदलत भिजवा, मीठ निघू दे, मग कडक उन्हात वाळवा. हे काम मे महिन्यातच उरकून घ्या, पावसात वाळत नाही.