हिशेब बरोबर, पण चेहरा कळत नाही

ताई, आई रडत असतानाही भाऊ ‘जेवायला काय केलंय?’ विचारतो, अपघातात डोक्याला मार लागल्यापासून अगदी दगड झालाय असं घरचे म्हणतात, हे तुमचं वाचलं आणि आमचे हेच (माझे मिस्टर, त्यांचंही तसंच) डोळ्यांपुढे आले. फिटच्या गोळ्या, फॉलोअप तुम्ही बघतच असाल, ते सोडते.

अशा माराने होतं काय, समोरचा माणूस कोण ते ओळखू येतं, पण त्याच्या तोंडावरचा राग, भीती, दुःख कळत नाही. हसू त्या मानाने कळतं. २०११ साली आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. डोक्याला मध्यम ते गंभीर मार बसलेल्यांपैकी ३९ टक्क्यांपर्यंत लोकांना हा त्रास असू शकतो, असा त्यात अंदाज होता. तेव्हा भावाला दोष देऊ नका.

आम्हाला सगळ्यात महाग पडला एक कागद. हे सांगलीत हळदीच्या अडतीवर दिवाणजी. तपासणाऱ्यांनी (कुठले ते लिहीत नाही) तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. दिवाणजीच ते, चुकतात कशाला! मिळालं लिहून, ‘मेंदूचे कार्य व्यवस्थित’. इकडे भाव पडला म्हणून शेतकरी लालबुंद, आणि हे त्याचीच थट्टा करतायत. नोकरी गेली. अपघाताच्या दाव्यात समोरच्या वकिलाने तोच कागद पुढे केला. फेरतपासणीचा अर्ज घेऊन गेले तर खिडकीवरचा म्हणतो, “बायकोचा राग न कळणं हा आजार असेल तर आम्ही सगळेच अपंग.” सगळं ऑफिस हसलं. अजून डोकं फिरतं.

मी डॉक्टर नाही, पण न्यूरोसायकॉलॉजीची तपासणी (मेंदूच्या माराचा विचार-भावनांवर काय परिणाम झाला ते बघणारी) मागा आणि चिठ्ठीवर ‘चेहऱ्यावरील भावना ओळखणे’ असं स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर स्मरणशक्तीवर आटोपतात. एमआरआय चांगला आला तरी हटू नका. आम्ही शेवटी मिरजेहून रेल्वेने बंगळूरूला निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या सरकारी रुग्णालयात गेलो. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत डोक्याचा मार वेगळा नाही, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्राचा फॉर्म कुठल्या प्रकारात भरायचा ते आधी डॉक्टरांनाच विचारा.

घरात आम्ही तोंडाने सांगतो, ‘मी चिडलेय’, ‘आईला वाईट वाटलंय’. मोबाइलवर चेहरे ओळखायचे खेळ मिळतात. माझ्या मते त्याने फोटो ओळखता येतात, सासूबाई नाही. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

डिस्चार्ज कार्डावर जीसीएस म्हणून आकडा असतो (पेशंट किती शुद्धीवर होता त्याचा), ८ किंवा खाली म्हणजे गंभीर मार. दाव्यात तो लागतो. झेरॉक्स काढून ठेवा, मूळ कार्ड कुणालाही देऊ नका.